पहिल्या २०० किलोमीटरच्या आधीचे चौदा आठवडे

पत्र: सप्रेम नमस्कार. मी ४१ वर्षांची, कोल्हापुरात एका बँकेत नोकरी करते. दोन वर्षांपासून सायकल चालवते. आठवड्यातून तीन दिवस सकाळी दीड तासात २५ ते ३० किलोमीटर होतात. सायकल साधी हायब्रिड आहे. डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी कोल्हापूरहून बेळगावच्या दिशेने जाऊन परत येणारी २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) आहे, तिला नाव नोंदवायचं मनात आहे. पण मागच्या महिन्यात नरसोबाच्या वाडीला जाऊन-येऊन ९० किलोमीटर केले तेव्हा करंगळ्या बधिर झाल्या, शेवटी सीटवर बसवेना, गुडघे पुढच्या बाजूने दुखले आणि वाटेत मिसळ खाल्ली ती परतताना उलटून पडली. घरचे म्हणतात, ९० ला ही गत तर २०० चं नाव काढू नकोस. चौदा आठवड्यांत जमेल का? रोड बाइक घ्यावीच लागेल का? पायडलमध्ये अडकणारे क्लीटचे बूट हवेत का? मिस्टर गाडी घेऊन मागे यायला तयार आहेत, ते चालेल का? कृपया नाव छापू नये.

उत्तर: ताई, जमेल. नाव नोंदवा. तुम्ही चार दुखणी लिहिली आहेत आणि चारही दुखण्यांची कारणं शोधून काढता येतात. त्यातलं एकही दम कमी पडल्याचं लक्षण नाही. आठवड्यातून तीनदा दीड-दीड तास चालवणाऱ्या माणसाकडे २०० साठी लागणारा दम चौदा आठवड्यांत सहज तयार होतो. पहिल्या बीआरएमला माणूस अडतो तो बसण्याच्या जागेपाशी, पोटापाशी आणि घड्याळापाशी. म्हणून हे आठवडे वेग वाढवण्यात घालवू नका. सलग तासन् तास सीटवर बसणं, चालवता चालवता खाणं आणि थांबल्यावर चटकन निघणं, या तीन गोष्टींची सवय करा.

आधी घड्याळाचा हिशोब मांडू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. २०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. सकाळी ६ ला सुटलात तर संध्याकाळी ७:३० ला वेळ संपते. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत, वेळेत पोचलेला प्रत्येक जण सारखाच. पण मधल्या कंट्रोलनाही, म्हणजे वाटेत शिक्का घ्यायच्या ठिकाणांनाही, मुदत असते: १०० व्या किलोमीटरला ६ तास ४० मिनिटं, १५० व्या किलोमीटरला १० तास. तुम्ही ताशी २० ने चालवलंत तर पायडल मारण्याचे १० तास होतात आणि थांबण्यासाठी साडेतीन तास उरतात. ताशी १८ ने ११ तास ७ मिनिटं होतात, तरी जवळजवळ २ तास २० मिनिटं हातात राहतात. आता उलटा विचार करा. २० वरून २२ वर सरासरी नेली तर ५५ मिनिटं वाचतात, आणि त्यासाठी महिनोन् महिने घाम गाळावा लागतो. दहा थांब्यांवर पाच-पाच मिनिटं कमी घालवली तर ५० मिनिटं फुकट वाचतात. फोटो, गप्पा, दुसरा चहा, हेल्मेट कुठे ठेवलं ते शोधणं, यात वेळ कसा जातो ते कळतही नाही. सरावाच्या लांब फेरीत प्रत्येक थांब्याला घड्याळ लावा: पाणी भरायला ५ मिनिटं, जेवणाचा मोठा थांबा २० मिनिटं, त्याच्या वर नाही.

आता दुखणी. ती दुरुस्त होईपर्यंत लांब फेरी करू नका, नाहीतर दुखण्याचाच सराव होतो.

गुडघा पुढून दुखतो तेव्हा बहुतेक वेळा सीट खाली असते किंवा गिअर जड असतो. भिंतीला टेकून सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. मग चवडा पायडलवर ठेवला की गुडघ्यात हलकासा बाक राहतो, तेवढाच हवा. सीट वर घ्यायची असेल तर एका वेळी ५ मिलिमीटरच घ्या, सीटच्या दांड्याला टेपची खूण करा, दोन-तीन फेऱ्या त्याच उंचीवर काढा. गुडघा मागून दुखायला लागला तर उंची जास्त झाली. गिअरचं सोपं माप असं: उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर येतो ते मोजा. वीस म्हणजे मिनिटाला ८० फेरे, हे छान. बारा-तेरा भरले तर तुम्ही जड गिअर रेटताय आणि ते सगळं गुडघ्याच्या वाटीवर येतंय. चढावर वेग कमी झाला तरी चालेल, फेरे ६५ च्या खाली जाऊ देऊ नका.

करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, कारण त्या दोन बोटांची नस तळहाताच्या बुडाशी, मनगटाजवळून जाते आणि हँडलवर नेमकं तिथेच वजन पडतं. हायब्रिडच्या सरळ हँडलला हात ठेवायला एकच जागा असल्याने हा त्रास जास्त. प्रथम सीटचं टोक पुढे झुकलंय का बघा. झुकलं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि हात ते थोपवत राहतात. फोनमधल्या लेव्हलने सीट आडवी सपाट करा. मग हँडलच्या दोन्ही टोकांना बार-एंड, म्हणजे शिंगांसारखे छोटे दांडे, लावून घ्या. स्वस्त वस्तू आहे, पण तिच्यामुळे हात धरायची दुसरी जागा मिळते, मनगट फिरतं. कोपर कायम किंचित वाकलेलं ठेवा आणि दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदला. हे सगळं करूनही बधिरपणा दुसऱ्या दिवशीपर्यंत राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

सीटच्या दुखण्यावर दुकानात पहिला उपाय सुचवतात तो जेलचं मऊ कव्हर. ते घेऊ नका. शरीराचं वजन बसण्याच्या दोन हाडांवर पडलं पाहिजे. गुबगुबीत कव्हरमध्ये ही हाडं रुततात आणि मधल्या नाजूक भागावर दाब येतो. पहिला अर्धा तास बरं वाटतं, तीन तासांनी असह्य होतं. तुम्हाला हवी ती योग्य रुंदीची, जराशी कडक, मध्ये खाच असलेली सीट. रुंदी घरीच मोजता येते. कठीण स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवा, त्यावर पुढे वाकून दाबून बसा, उठल्यावर दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि त्यात २० ते २५ मिलिमीटर मिळवा. साधारण तेवढी रुंद सीट लागते. बायकांची ही हाडं सहसा एकमेकांपासून थोडी लांब असतात, त्यामुळे सायकलबरोबर आलेली अरुंद सीट टोचणं नवल नाही. दुकानदार चार दिवस वापरून बघू देत असेल तर उत्तमच.

पॅडची शॉर्ट्स दोन घ्या आणि त्यांच्या आत काहीही घालू नका. आतल्या कपड्याची शिवणच कातडी सोलते. निघण्यापूर्वी जांघेत व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. दर पंधरा मिनिटांनी वीस-तीस सेकंद पायडलवर उभं राहा, म्हणजे दाबलेल्या भागात रक्त फिरतं. घरी आल्या आल्या ती शॉर्ट्स बदला, धुवा, उन्हात वाळवा. फोड आला असेल तर तो बरा होईपर्यंत सायकल बंद. त्यावर रेटून चालवलं तर आठवड्याचं काम महिनाभरावर जातं.

आता आठवड्यांची आखणी. रविवारची फेरी हाच या तयारीचा कणा. किलोमीटर असे वाढवा: ५०, ६०, ७०, मग ५० चा हलका आठवडा. ८०, ९०, १०५, मग ७०. १२०, १३५, मग ९०, मग १५०. तेराव्या रविवारी ८० आणि चौदाव्या रविवारी बीआरएम. तुम्ही ९० आधीच केलेत, तरी सुरुवात ५० पासूनच करा. सीट, उंची आणि हातांची जागा बदलणार आहे आणि शरीराला त्या बदलाशी जमवून घ्यायला वेळ हवा. हलके रविवार गाळू नका. तयारीचा खरा फायदा विश्रांतीत पदरात पडतो, थकव्यावर थकवा चढवून नाही. आणि १५० च्या पुढे जायची गरज नाही. त्या दिवशी शेवटचे ५० किलोमीटर तयारीच्या जोरावर आणि सोबतच्या माणसांच्या संगतीने निघतात. घाईने आधीच २०० करून बघणारे पुढचे दोन आठवडे थकव्यातच काढतात.

रविवारचा वेग असा हवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धाप लागून तुटक बोलावं लागत असेल तर तुम्ही जोरात चालवताय. पहिल्या तासात तर मुद्दाम राखून चालवा, कारण सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी सगळेच जास्त वेगाने निघतात आणि त्याची किंमत दुपारी बाराला मोजतात.

बाकीचे दिवस थोडक्यात. मंगळवारी वीस मिनिटं सैल चालवून मग सहा-सहा मिनिटांचे चार जोरकस टप्पे, मध्ये तीन-तीन मिनिटं सैल; सिग्नल नसलेला रस्ता निवडा. गुरुवारी दीड तास आरामात. शनिवारी एक आड एक केर्लीवरून जोतिबाचा चढ, हलक्या गिअरमध्ये, न थांबता. मधल्या शनिवारी विश्रांती. सोमवारी सायकलला हात लावू नका. आठवड्यातून दोनदा घरीच पंधरा मिनिटं: बैठका, पाठीवर झोपून कंबर उचलणं, प्लँक, टाचा उचलणं. लांब फेरीत मान आणि कंबर दुखते, ती पोटाचे-पाठीचे स्नायू दमल्यामुळे. हे पंधरा मिनिटांचं काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका.

नवरात्र आणि दिवाळी याच काळात येतात. नऊ दिवस एकभुक्त राहणार असाल तर हलका रविवार तिथे सरकवा. उपाशी पोटी ८०-९० ची फेरी करू नका. दिवाळीत पाहुणे, फराळ, झोप कमी, तेव्हाही तसंच. एखादा रविवार सुटला तर सोडून द्या आणि पुढच्या रविवारी आधी झालेल्याच आकड्यावरून चालू करा. बुधवारी रजा काढून भरपाई करायला गेलात तर गुडघे बोलतील. ताप येऊन गेला असेल तर आठ दिवस पूर्ण जाऊ द्या.

रस्ते कोल्हापुरात भरपूर आहेत. ६० ला इचलकरंजी जाऊन-येऊन, ८० ला निपाणी. १०० च्या आसपास सांगली किंवा राधानगरी. राधानगरीचा रस्ता चढ-उताराचा आणि सावलीचा, त्यामुळे दम तिथे जास्त तयार होतो. गगनबावड्याचा रस्ता सुंदर आहे, पण परतीचा पाऊस पूर्ण थांबल्यावरच तिकडे वळा. आणि १५० ची फेरी काहीही करून बेळगाव रस्त्यावरच करा, ७५ वर वळून परत. बीआरएमच्या दिवशी तवंदी घाट कुठे सुरू होतो, कुठल्या गिअरमध्ये निघतो, हे पायांना माहीत असलं पाहिजे.

त्या रस्त्याची एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिने पुष्कळ जण हवालदिल होतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर आहे, कोल्हापूर त्याच्या जवळजवळ २०० मीटर खाली. म्हणजे निपाणीनंतर तवंदी, पुढे वंटमुरी आणि एकूणच जाताना चढ जास्त, येताना उतार जास्त. पहिले १०० ला साडेपाच तास, अगदी सहा तास लागले तरी ते ठीक आहे. त्या वेळेची दुप्पट करून घाबरू नका आणि घाबरून वेग वाढवू नका. मात्र ६ तास २० मिनिटांच्या पुढे गेलात तर १०० च्या कंट्रोलवर जेवणाचा थांबा न घेता शिक्का घेऊन निघा आणि पुढे खा.

आता मिसळ. मिसळीत दोष काहीच नाही, वेळ चुकली. जोरात पायडल मारताना रक्त पायांकडे धावतं, पोटाकडे कमी उरतं. तेलाची तर्री, मटकी आणि तिखट यांना पचायला कितीतरी वेळ लागतो. ते पोटात पडून राहतं आणि वर येतं. मिसळ फेरी संपल्यावर खा. तांबड्या-पांढऱ्याचंही तसंच, आदल्या रात्री नको.

सायकलवर तासाला ४० ते ६० ग्रॅम पिष्ट-साखर पोटात गेली पाहिजे. तुमच्या वजनाला आणि वेगाला ४५ पासून सुरुवात करा. आकडा अवघड वाटतो, जिन्नस ओळखीचे आहेत. एक मध्यम केळ म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, छोट्या लिंबाएवढा, म्हणजे २० ग्रॅमचा गुळाचा खडा म्हणजे १९. झाला एक तास. पुढच्या तासाला दोन इडल्या आणि अर्धा लिटर साखर-लिंबू पाणी. मग मीठ लावलेले उकडलेले छोटे बटाटे, मग खजूर, मग गुळपोळीचे चतकोर. शेंगदाणे मूठभर चालतील, पण त्यात तेल आहे, त्यावरच भर देऊ नका. आपल्याकडचा गूळ या कामाला इतका चांगला आहे की महागड्या जेलच्या पुड्यांवर पहिल्या बीआरएमला पैसे घालवावेत असं आम्हाला वाटत नाही. फक्त खडे घरीच फोडून, छोट्या झिपच्या पिशवीत, सायकलच्या आडव्या नळीवरच्या बॅगेत हाताशी ठेवा. पाठीवरच्या सॅकमधलं खाणं खाल्लं जात नाही.

भूक लागायची वाट बघू नका. निघाल्यावर पाऊण तासाने पहिला घास आणि त्यानंतर दर अर्ध्या तासाला दोन घास, फोनवर गजर लावून. साठवलेली साखर संपली की पाय कापसासारखे होतात, चिडचिड होते, साधा उतारही नकोसा वाटतो. त्या अवस्थेतून खाऊन सावरायला अर्धा-पाऊण तास जातो. बीआरएमच्या दिवशी साडेचारला नेहमीचाच नाष्टा करा, पोळी-गूळ किंवा उपमा. त्या दिवशी पहिल्यांदाच काहीही खाऊ नका. हे सगळं ८० च्या रविवारपासून जसंच्या तसं करून बघा. पोटालाही सराव लागतो.

पाणी तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर. तुमचं नेमकं प्रमाण काढायचं तर एका दोन तासांच्या फेरीआधी आणि नंतर वजन करा. किलोभर उतरलं म्हणजे प्यायलात त्याखेरीज लिटरभर घाम गेला. नुसतं साधं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, रक्तातलं सोडियम पातळ होऊन मळमळ, डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होतं. दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी, दुसरीत हे: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ, अर्धं लिंबू. ओआरएस घेतलंत तर डब्ल्यूएचओ सूत्र लिहिलेलं पाकीट घ्या आणि लक्षात ठेवा, लिटरच्या पाकिटात ग्लुकोज जेमतेम साडेतेरा ग्रॅम असतं. ते क्षारांसाठी आहे, पोटाला खाणं वेगळं द्यावंच लागतं.

बायका लांब फेरीत पाणी कमी पितात, कारण वाटेत जायची सोय नाही. हे आम्ही मोकळेपणाने लिहितो आहोत, कारण यामुळे दुपारपर्यंत अंगातलं पाणी कमी होतं, पेटके येतात आणि पुढे मूत्रमार्गाचा संसर्गही होतो. उपाय नियोजनाचा आहे. १५० च्या फेरीत दोन्ही बाजूंचे, स्वच्छतागृह बरं असलेले पेट्रोल पंप आणि मोठी हॉटेलं किलोमीटरसकट लिहून ठेवा, साधारण दर २५ किलोमीटरला एक. कंट्रोलवर गरज नसली तरी जाऊन या. टिश्यू आणि सॅनिटायझर हाताशी ठेवा. पाळी त्या दिवसांत येणार असेल तर आधीची एखादी लांब फेरी पाळीतच करून बघा. पॅडची शॉर्ट्स आणि सॅनिटरी पॅड एकत्र घासतात, म्हणून पुष्कळ जणी कप वापरतात, पण त्याची सवय दोन-तीन महिने आधी करायची असते. पाळी पुढे ढकलायची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि आत्ताच हिमोग्लोबिन, रक्तदाब, साखर तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. हिमोग्लोबिन कमी असेल तर कितीही सराव केला तरी धाप लागणारच, आणि चौदा आठवडे त्यावर इलाज करायला पुरेसे आहेत. फेरीत अंग दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेऊ नका. अंगात पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर ताण आणते.

सायकल. हायब्रिडवर २०० होते, निश्चिंत राहा. रोड बाइकने वेग थोडा वाढतो, पण अंग जास्त वाकतं, आणि चौदा आठवडे हातात असताना नवी बैठक शिकणं चूक ठरेल. त्या पैशांतून चांगले टायर घ्या, ३२ मिलिमीटरचे, पंक्चरविरोधी पट्टा असलेले. हवा टायरवर छापलेल्या कमाल आकड्याइतकी भरू नका. साठ किलोच्या आसपास वजनाच्या माणसाला या टायरमध्ये मागे ६० पीएसआय, पुढे ५० ते ५५ पुरते. त्याहून जास्त भरलीत तर प्रत्येक खडबडीत जागा तळहाताला आणि सीटला कळते.

महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, केसाएवढ्या. पंक्चर बहुधा त्यांनीच होतं. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून हळूच कापड फिरवा; ते अडकेल तिथे तार आहे, ती चिमट्याने ओढून काढा. हे न करता नवी ट्यूब घातली की दहा मिनिटांत तीही बसते. जवळ ठेवायचं: दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर, चिकटपट्ट्या, छोटा पंप, चेन तोडायचा भाग असलेला मल्टिटूल, चेनची जोडकडी, छोटा चिमटा, चार झिप टाय आणि जुन्या टायरचा हातभर तुकडा, टायर फाटला तर आतून लावायला. पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो ना, हे घरीच बघा. मागचं चाक काढायचं तर आधी चेन सगळ्यात लहान चक्रीवर आणा, म्हणजे ते सहज निघतं आणि सहज बसतं. दिवाणखान्यात वर्तमानपत्र अंथरून तीन वेळा करा, पंधरा मिनिटांच्या आत जमलं की झालं.

सर्व्हिसिंग तीन आठवडे आधी करून घ्या: चेन, ब्रेक पॅड, गिअरच्या केबल. आदल्या दिवशी नव्या केबल टाकल्या तर त्या वाटेत सैल होतात आणि गिअर उडतात.

डिसेंबरअखेरीस आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहानंतर लगेच मावळतो. म्हणजे सुटताना तासभर अंधार, आणि साडेसातला पोचणार असाल तर शेवटी दीड तास अंधार. पुढे पांढरा दिवा किमान ४०० ल्युमेनचा, मागे दोन लाल दिवे, त्यातला एक स्थिर जळणारा. लुकलुकणाऱ्या दिव्याचं अंतर मागच्या चालकाला नीट कळत नाही. हेल्मेट आणि रिफ्लेक्टिव्ह जाकीट विसरू नका. सुटण्यापूर्वी तपासणी होते. दिवे एकदा पूर्ण चार्ज करून घरात जाळून बघा, किती तास टिकतात ते कळेल.

तो काळ ऐन गाळप हंगामाचा. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारात, बऱ्याचदा मागे दिवा नसताना चालतात आणि ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो. वारा अडतो म्हणून ट्रॉलीच्या मागे चिकटून चालवू नका, दोन ट्रॉल्यांच्या मधल्या फटीत शिरू नका. ओव्हरटेक करायचा तर आरशात आणि मागे वळून दोन्हीकडे बघून, भरपूर अंतर सोडून. रस्त्यावर पडलेल्या उसाच्या कांड्यावरून चाक घसरतं, पाचटावरूनही. सर्व्हिस रोड महामार्गाला मिळतो तिथे मागून येणारं वाहन डावीकडे वळणार हे धरूनच चाला, आणि कडेच्या पट्टीवर उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी असतातच. गावाबाहेर कुत्री मागे लागली तर पळू नका. उतरा, सायकल मध्ये धरा, दरडावून चालत पुढे जा.

क्लीटच्या बुटांबद्दल: आता नको. क्लीट किंचित वाकडी बसली तर हजारो फेऱ्यांत गुडघा बिघडतो आणि तुमचा गुडघा आधीच कुरकुरतोय. कडक तळव्याचे साधे बूट, आणि पाय घसरू नये म्हणून खिळ्यांचे रुंद पायडल, एवढं पुरतं. ३०० चा विचार येईल तेव्हा बघू.

राहिली मिस्टरांची गाडी. नियमाप्रमाणे खाजगी मदत फक्त कंट्रोलवर घेता येते. वाटेत गाडी मागे-पुढे ठेवून खाणं-पाणी घेतलंत तर तो नियमभंग होतो. त्यांनी १०० च्या कंट्रोलवर थांबावं: जेवणाचा डबा, भरलेल्या बाटल्या, कोरडे मोजे, एक जादा ट्यूब, पॉवर बँक. तुमच्या फोनवरून लाइव्ह लोकेशन त्यांना चालू करून द्या, म्हणजे घरच्यांनाही काळजी राहणार नाही. मग त्यांनी थेट शेवटच्या कंट्रोलवर यावं, कारण तेरा तासांनंतर तुम्ही गाडी किंवा स्कूटर चालवत घरी येऊ नये. आणि १५० च्या रविवारी त्यांना ७५ वर याच सामानासकट बोलवा. डबा उघडणं, बाटल्या बदलणं, मोजे, निघणं, सगळं वीस मिनिटांत बसवायचं आहे, आणि त्याचा सराव तुमच्याइतकाच त्यांनाही लागेल.